पंधरा वर्षांवरचा घोडा सवारीला धडधाकट कसा ठेवायचा?

शहादा : दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते तेव्हा सगळ्यांच्या नजरा तरुण, उंच, तेजीतल्या जनावरांवर असतात. पण आपल्या तालुक्यांत दारात प्रत्यक्ष बांधलेले घोडे बघितले तर त्यातले बरेचसे पंधरा, सोळा, अठरा वर्षांचे निघतात. कुणी लग्नाच्या वरातीला देतो, कुणी शेतावर चक्कर मारायला वापरतो, कुणी हौस म्हणून सांभाळतो. घोडा घरचा झालेला असतो, पोरंसोरं त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली असतात. मग कुणीतरी म्हणतं, आता याचं वय झालं, याला काम लावू नका. मालक त्याला खुंट्याला बांधून ठेवतो. पुढं चार-सहा महिन्यांनी एखाद्या वरातीची सुपारी येते आणि तोच घोडा एकदम सजवून डीजेसमोर तीन तास उभा केला जातो. घोडा बिघडतो तो इथं.

वय झालेला घोडा रोजच्या बेताच्या कामानं खराब होत नाही. तो नुसतं उभं राहून आखडतो आणि मग अचानक पडलेल्या कामानं मोडतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवून रोजचा थोडा वेळ दिला, तर निरोगी घोडा विशीपर्यंत, काही घोडे त्याच्याही पुढं हलक्या सवारीला चालतात. हे जमलं नाही तर घोड्याचा भाव पडतो, आणि पडेल भावात विकलेला घोडा पुढं कुणाच्या हाती आणि कसल्या कामाला जातो हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून ही माहिती सविस्तर देत आहोत.

वय झालं कधी म्हणायचं?

घोड्याचं आयुष्य साधारण पंचवीस ते तीस वर्षांचं. पंधरा वर्षांच्या पुढं त्याला उतारवयात धरावं आणि वीसनंतर म्हातारा समजावा. इंग्लंडात कालव्यावरच्या बोटी ओढणारा ओल्ड बिली नावाचा घोडा १७६० मध्ये जन्मून १८२२ मध्ये, बासष्ट वर्षांचा होऊन मेल्याची नोंद आहे. तो अपवाद सोडून द्या. आपल्याकडं विशी ओलांडलेला आणि अंगानं नीट असलेला घोडा म्हणजे मालकानं चांगला राखलेला घोडा.

वय दातांवरून कळतं. पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं, म्हणजे दुधाचे दात जाऊन पक्के येतात. खालच्या समोरच्या दातांच्या माथ्यावरचे काळे खड्डे आठव्या वर्षाच्या आसपास झिजून जातात. वरच्या बाजूच्या, म्हणजे कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते. ती पंधराव्या वर्षी अर्ध्या दातापर्यंत आणि विसाव्या वर्षी पुऱ्या दातावर उतरते. त्यानंतर ती वरून नाहीशी होत जाते. वय वाढेल तसे समोरचे दात तिरपे, पुढं आलेले दिसतात. हा हिशेब अंदाजाचा आहे, वैरण कशी आणि दाताची झीज कशी यावर एक-दोन वर्षं इकडंतिकडं होतात. डोळ्यांवरचे खळगे खोल जाणं, तोंडावर पांढरे केस येणं, पाठ खाली बसणं, पुठ्ठ्याचं मांस उतरणं ह्याही खुणा आहेत.

मात्र नुसत्या वयावर निकाल देऊ नये. चौदा वर्षांचा लंगडा घोडा सवारीला नालायक असू शकतो आणि एकोणीस वर्षांचा घोडा रोज सकाळी तासभर मजेत चालू शकतो.

खोगीर ठेवण्याआधी तपासणी

बरेच दिवस उभा असलेला घोडा कामाला लावायच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्यातून तपासून घ्या. डॉक्टर येण्याआधी मालकानं स्वतः या गोष्टी बघाव्यात :

नाडी. खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोट ठेवलं की शीर लागते. पंधरा सेकंद मोजा आणि चारनं गुणा. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. श्वास मिनिटाला ८ ते १६. अंगाचा ताप ९९ ते १०१ फॅरनहाइट. आपल्या घोड्याचे हे तिन्ही आकडे सलग चार-पाच सकाळी मोजून वहीत लिहून ठेवा. पुढं काही बिघडलं तर त्याच आकड्यांवरून कळतं.

चाल. सपाट कडक जमिनीवर कुणाला तरी घोडा मोहरकीला धरून सरळ दुडकी पळवायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोड्याची मान वर उचलली जाते. मागचा पाय दुखत असेल तर पुठ्ठा एका बाजूला जास्त उचलला जातो.

आखडणं आणि लंगडणं यातला फरक इथं कळून घ्यावा. सांध्यांची झीज झालेला घोडा सकाळी पहिली पाच-दहा मिनिटं आखडलेला चालतो आणि अंग गरम झालं की मोकळा होतो. अशा घोड्याला हलकी फिरती चालते, किंबहुना तीच त्याचं औषध आहे. पण चालेल तसं लंगडणं वाढत असेल तर काम बंद करून डॉक्टरांना दाखवा.

दात. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकतात आणि झिजतात. झीज सारखी होत नाही, त्यामुळे दाढांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात आणि गाल-जीभ कापतात. चावलेल्या वैरणीचे गोळे तोंडातून खाली पडणं, लिदीत अख्खा दाणा किंवा लांब काड्या दिसणं, लगाम लावताना मान झटकणं ही त्याची लक्षणं. उतारवयात वर्षातून दोनदा दाढा बघून घ्याव्यात आणि गरज असेल तर घासून घ्याव्यात. लगाम न मानणारे कितीतरी घोडे खोडकर नसतात, त्यांचं तोंड दुखत असतं.

अशक्तपणा. घोडा वाळला की आपण वयावर ढकलतो. पण पावसाळ्यानंतर चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रोग घोड्याला हळूहळू पोखरतो. मधूनमधून ताप, पायांना आणि पोटाखाली सूज, अंग उतरणं असं दिसलं तर रक्त तपासून घ्या. उन्हाळा आला तरी लांब केस झडत नाहीत, पाणी फार पितो, लघवी फार करतो, असं असेल तर म्हाताऱ्या घोड्यांना होणाऱ्या कुशिंग या आजाराची शंका धरावी. अशा घोड्याचे खूर लवकर धरले जातात.

रोजची फिरती

सवारी असो नसो, उतारवयातल्या घोड्याची रोज फिरती झालीच पाहिजे. दिवसातून एकदा लांब फिरवण्यापेक्षा सकाळी आणि संध्याकाळी दोनदा थोडं थोडं फिरवणं चांगलं. मोकळं आवार असेल, तारेचं नाही तर लाकडी कुंपण असेल, तर दिवसा मोकळा सोडा. अगाडी-पिछाडी बांधून चोवीस तास उभा ठेवलेल्या घोड्याचे घोटे सुजतात, पोटही मंदावतं आणि कोलिकचा, म्हणजे पोटदुखीचा धोका वाढतो.

सवारीच्या दिवशी पहिली दहा ते पंधरा मिनिटं नुसती साधी चाल ठेवायची. लगाम सैल, मान खाली लांब सोडू द्यायची. तरुण घोडा पाच मिनिटांत तयार होतो, याला वेळ लागतो. काम झाल्यावर शेवटची दहा मिनिटं पुन्हा साधी चाल. पळवत दारात आणून तसाच खुंट्याला बांधणं ही आपल्याकडची वाईट सवय आहे.

साध्या चालीला कमी समजू नका. चढ-उतार असलेल्या वाटेवर चाळीस मिनिटं जोमदार चालणं हा म्हाताऱ्या घोड्याचा उत्तम व्यायाम आहे. हलक्या चढावर चालल्यानं पुठ्ठा आणि पाठ भरते. तळोदा, अक्कलकुवा भागात सातपुड्याच्या पायथ्याला अशा वाटा पुष्कळ आहेत. उतरताना मात्र सगळा भार पुढच्या पायांवर येतो, तेव्हा स्वारानं खाली उतरून घोडा हातानं न्यावा.

दुडकी थोडी, सरळ रेषेत आणि मधे विश्रांती देऊन. मारवाडी घोड्यांची रेवाल चाल स्वाराला आरामाची वाटते म्हणून घोड्यालाही आरामाची समजू नये, मेहनतीच्या हिशेबात ती दुडकीच्या बरोबरीनं धरावी. दोरीवर गोल फिरवणं कमी करा. लहान घेरात फिरताना सांधे तिरपे दाबले जातात. फिरवायचाच असेल तर घेर वीस मीटरचा तरी असावा, दर दोन मिनिटांनी दिशा बदलावी आणि दहा मिनिटांत थांबावं.

दोन सोपे प्रकार घरी करता येतात. जमिनीवर चार-पाच बांबू पावला-पावलाच्या अंतरावर आडवे ठेवा आणि घोडा हातानं सावकाश त्यावरून न्या. पाय उचलावे लागतात, सांधे मोकळे होतात, पोटाचे स्नायू कामाला लागतात. दुसरा प्रकार गाजराचा. गाजर दाखवून मान आधी दोन्ही बरगड्यांकडं, मग पुढच्या पायांच्या मधे खाली वळवायची, प्रत्येक बाजूला तीन-चार वेळा. ओढाताण करायची नाही, जिथपर्यंत स्वतः येईल तिथपर्यंतच.

पोळा ते तुळशीचं लग्न : दहा आठवड्यांचं वेळापत्रक

आपल्याकडं पावसाळाभर घोडे उभे राहतात. काळ्या रानात चिखल, वरातीही नाहीत. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि घोड्याला पहिल्याच दिवशी पुरं काम पडतं. पोळ्याला सुरुवात केली तर तुळशीच्या लग्नापर्यंत साधारण दहा आठवडे मिळतात. तेवढे पुरतात.

पहिला-दुसरा आठवडा : स्वार नाही. हातानं धरून सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पंचवीस मिनिटं.

तिसरा-चौथा : स्वार घेऊन वीस ते तीस मिनिटं साधी चाल, सपाट वाटेवर. संध्याकाळची फिरती हातानंच.

पाचवा-सहावा : चाळीस मिनिटं. त्यात एक-दोन मिनिटांची दुडकी तीन वेळा, मधे पाच मिनिटं चाल.

सातवा-आठवा : पंचेचाळीस मिनिटं. तीन-चार मिनिटांची दुडकी तीन वेळा. आठवड्यातून एक-दोन दिवस हलका चढ.

नववा-दहावा : पंचेचाळीस मिनिटं ते एक तास. पाच मिनिटांची दुडकी तीन वेळा. श्वास लवकर बसत असेल तर एक मिनिटभर हलकी दौड. भरधाव पळवायचं नाही.

आठवड्यातून एक दिवस सुट्टी, पण सुट्टीलाही हातानं फिरवायचंच. कुठल्याही आठवड्यात वेळ तरी वाढवा नाहीतर वेग तरी, दोन्ही एकदम वाढवू नका. दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, पण नसा, शिरा-दोऱ्या आणि हाडं पक्की व्हायला महिने लागतात. पाचव्या आठवड्यात घोडा तेजीत येतो, मालकाला वाटतं तयार झाला, आणि नेमकी तेव्हाच पायाची दोरी सुजते. वेळापत्रक तोडायचा मोह तिथं आवरावा.

जमतंय की नाही हे नाडीवरून ठरवा. काम थांबवल्यावर दहा मिनिटांनी नाडी साठच्या खाली आली पाहिजे. आली नाही तर त्या दिवशीचं काम जास्त झालं, पुढचे दोन-तीन दिवस एक पायरी मागं या. दुसऱ्या दिवशी सकाळी घोटे गरम किंवा सुजलेले वाटले, पहिल्या दहा मिनिटांनंतरही घोडा आखडलेलाच राहिला, तरीही मागं या.

वाट कुठली धरावी?

डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर दुडकी नको, प्रत्येक पावलाचा दणका सांध्यात जातो. ताज्या नांगरटीत आणि नदीच्या कोरड्या खोल वाळूतही नको, तिथं पाय रुततो आणि मागच्या दोऱ्यांवर ताण येतो. सगळ्यात चांगली आपली मुरमाची पाणंद. धुराळा नसलेली, दगड वेचलेली, सपाट. पावसाळ्यात तीच वापरावी किंवा अंगणात मुरूम टाकून वीस-वीस मिनिटं फिरवावं. खळ्याची जुनी घट्ट जमीनही चालते, फक्त ओली असताना घसरते.

पाठीवर किती वजन?

याचा हिशेब आपल्याकडं कुणी करत नाही. घोड्याचं वजन टेपनं काढता येतं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. येईल ते साधारण वजन किलोत.

समजा घेर १७० आणि लांबी १५५ आली. १७० गुणिले १७० म्हणजे २८९००. त्याला १५५ नं गुणलं की ४४७९५००. भागिले ११८८०, म्हणजे ३७७ किलो. धडधाकट घोड्यानं स्वार आणि खोगीर मिळून आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत, म्हणजे इथं ७५ किलो न्यावं. वय झालेल्याला सहावा हिस्सा धरा, म्हणजे ६३ किलो. खोगीर, रिकिबी, सजावट यांचे दहा किलो वजा केले की स्वार उरतो ५३ किलोचा. ऐंशी किलोचा नवरदेव आणि पुढं बसलेला करवला असे दोघं म्हाताऱ्या घोड्यावर बसवणं किती अंगाबाहेरचं आहे, हे यावरून समजतं. सुपारी घेतानाच विचारून घ्यावं.

वजन घेऊन नुसतं उभं राहणं हे वजन घेऊन चालण्यापेक्षा पाठीला जड जातं. म्हणून वरात थांबली की नवरदेवाला उतरवा, तंग एक घर सैल करा. जुन्या घोड्याला मागच्या दोन पायांवर उभं करून नाचवणं बंद करावं. सगळं अंग मागच्या सांध्यांवर आणि कमरेवर येतं, आणि झीज आधी तिथंच झालेली असते.

उन्हाळ्यातली वरात

एप्रिल-मे मध्ये नंदुरबार जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वराती त्याच महिन्यांत. म्हाताऱ्या घोड्याला ऊन तरुणापेक्षा कितीतरी जास्त बाधतं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात तरुण आणि वीस वर्षांवरच्या घोड्यांना सारखीच मेहनत देऊन पाहिली, तेव्हा म्हाताऱ्यांचं अंग साधारण निम्म्या वेळेत चाळीस अंश सेल्सिअसवर गेलं. म्हणजे तरुण घोडा जिथं अर्धा तास निभावतो, तिथं म्हातारा पंधरा मिनिटांत तापतो.

उन्हाळ्यात फिरती सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यावर. भर दुपारची वरात म्हाताऱ्या घोड्यासाठी घेऊच नये. घाम आलेल्या घोड्याला पाणी द्यायचं नाही असा आपल्याकडं समज आहे. त्यामुळे घोडा तासन्‌तास तहानलेला राहतो. चालवत-थांबवत साधं, फार गार नसलेलं पाणी पिऊ द्यावं. दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. रोज तीस ग्रॅम मीठ चंदीत घालावं. तापलेल्या घोड्याला सावलीत घेऊन अंगावर भरपूर पाणी ओतत राहावं, नुसतं डोक्यावर ओलं फडकं टाकून भागत नाही.

पाणी कमी पडलंय का हे बघायला मानेची कातडी चिमटीत ओढून बघतात. पण वय झालेल्याची कातडी तशीही सैल असते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. हिरडी बघा. ती ओलसर आणि गुलाबी हवी. बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे.

चंदी आणि वैरण

वैरण पोटाला आधी, दाणा नंतर. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण लागते. साडेतीनशे किलोच्या घोड्याला सव्वापाच ते सात किलो. ती तीन-चार वेळा विभागून द्या. दाढा नीट नसतील तर कुट्टी करून, भिजवून द्या. कोरडा घास अन्ननळीत अडकण्याचा धोका म्हाताऱ्यांना जास्त असतो. लसूणघास चांगला, पण एकट्या घासावर ठेवू नये, कोरड्या वैरणीबरोबर मिसळून द्यावा.

चंदीत भिजवलेला हरभरा किंवा भरडलेला जव. एका वेळी दीड किलोच्या वर दाणा घालू नका आणि पोटभर चंदी दिल्यावर तासभर तरी सवारी नको. वाळलेल्या घोड्याला दाणा वाढवण्याऐवजी तेल द्यावं. रोज पंचवीस मिलिलिटर सूर्यफूल किंवा सोयाबीन तेलापासून सुरुवात करून आठ-दहा दिवसांत शंभरपर्यंत न्या.

काही गोष्टी टाळा. हिरवी ज्वारी घोड्याला देऊ नये, बैलाला चालते म्हणून घोड्याला चालत नाही. बुरशी आलेला मका आणि काळा पडलेला कडबा अजिबात नको. कोंबड्यांचं खाद्य चुकूनही घालू नये. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं, कोंबडीला ते पचतं, घोड्याचं हृदय त्यानं बंद पडतं. गुळाचे खडे आणि उसाचं वाढं लाडानं फार दिलं जातं. बसून असलेल्या जाड म्हाताऱ्या घोड्याला गोडानं लॅमिनायटिस होतो. त्यात खुराच्या आतला भाग सुजतो, खूर गरम लागतात, घोडा पुढचे पाय पुढं टाकून मागं रेलून उभा राहतो. तो होऊन गेला की सवारीचा घोडा बहुतेक वेळा सवारीचा राहत नाही.

अंगाचा अंदाज असा घ्यावा : बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात. जाड घोडा म्हणजे सुखी घोडा नव्हे, प्रत्येक जादा किलो त्याच झिजलेल्या सांध्यांवर पडतो.

खूर, पाठ आणि लगाम

नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी हवा, नाल निघाले नसतील तरी. पुढं वाढलेल्या खुरामुळे मागच्या दोरीवर ताण येतो. नाल मारताना म्हाताऱ्या घोड्याचा पाय उंच आणि फार वेळ धरू नये, त्याला दुखतं म्हणून तो ओढतो. खाली धरावा, मधे टेकू द्यावा.

पाठ दरवर्षी बदलते. पाच वर्षांपूर्वी नेमकं बसणारं खोगीर आता कण्यावर टेकत असतं. खोगीर ठेवून कण्याच्या वर दोन बोटं उभी जातात का बघा. काम झाल्यावर घामाचे डाग बघा. सगळीकडं ओलं आणि मधेच कोरडा ठिपका असेल तर तिथं दाब पडतोय. जाड नमदा घालून तात्पुरतं भागतं, पण खोगीर दुरुस्त करून घेणंच बरं. रोजचा खरारा चुकवू नका. हात फिरवताना कुठं गरम, कुठं सूज, कुठं दुखरं हे आपोआप कळतं.

काटेरी कडियाळी अजून बाजारात मिळतात. १९६५ च्या ओझी वाहणाऱ्या जनावरांबाबतच्या नियमांनी जनावर हाकताना किंवा त्यावर बसताना काटे, गाठी असलेल्या लगामाला मनाई केलेली आहे. त्याच नियमांप्रमाणे ३७ अंशांच्या वर तापमान असताना दुपारी बारा ते तीन जनावर कामाला लावता येत नाही. वय, आजार किंवा जखमेमुळे कामाला अयोग्य झालेलं जनावर कामाला लावणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. वरातीला घोडा देणाऱ्यांनी हे माहीत करून ठेवावं.

औषध, लस आणि वेदनाशामक

धनुर्वाताची लस वेळच्या वेळी घ्या, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि एक खिळा पुरतो. जंताचं औषध अंदाजानं न देता लीद तपासून द्यावं. नाकातून घट्ट शेंबूड, अंगावर गाठी आणि फुटणारे फोड दिसले तर घोडा वेगळा बांधा आणि लगेच पशुवैद्यकीय विभागाला कळवा. तो ग्लँडर्स असू शकतो. हा रोग माणसालाही होतो, आणि २००९ च्या कायद्याप्रमाणे तो कळवणं बंधनकारक आहे.

वरातीच्या दिवशी दुखणं दाबायचं इंजेक्शन देऊन घोडा उभा करणं हा प्रकार थांबायला हवा. दुखणं कळेनासं होतं, घोडा दुखऱ्या पायावर पुरा भार टाकतो आणि दुसऱ्या दिवशी उठत नाही. स्वार वर असताना अडखळला तर माणूसही जायबंदी होतो. वेदनाशामक डॉक्टरांनी सांगितलं तरच, तेवढेच दिवस, आणि त्या दिवसांत सवारी नाही. डायक्लोफिनॅकवर तर गिधाडांच्या मृत्यूंमुळे २००६ पासून जनावरांसाठी बंदीच आहे.

सवारी कधी थांबवायची?

खालीलपैकी काही दिसलं तर त्या दिवशी खोगीर ठेवू नका आणि डॉक्टरांना दाखवा : चालेल तसं वाढणारं लंगडणं, उभ्या घोड्याची नाडी ५० च्या वर, चंदी सोडणं, पोटाकडं वळून बघणं, लोळणं, खूर गरम, सपाट वाटेवर वारंवार अडखळणं, श्वास बसायला नेहमीपेक्षा फार वेळ. फिरतं पशुवैद्यकीय पथक १९६२ या क्रमांकावर बोलावता येतं.

महिनाभर विश्रांती, उपचार आणि हातानं फिरती देऊनही घोडा दुडकीत लंगडतच असेल तर सवारी कायमची बंद करावी. तरी हातानं फिरवणं बंद करू नये. मोठ्या स्वाराचं वजन पेलत नसेल पण चालीत नीट असेल, तर लहान पोरांना बसायला शिकवण्यासाठी असा समजूतदार घोडा फार उपयोगी पडतो. शेजारी एक जाणता माणूस मोहरकी धरून, साध्या चालीनं, वीस मिनिटं.

येत्या यात्रेत कमी भावात पंधरा-सोळा वर्षांचा शिकलेला घोडा घ्यायचा विचार असेल तर घाबरायचं कारण नाही, नवशिक्याला तोच बरा. मात्र दात स्वतः बघा, कडक जमिनीवर दुडकी पळवून घ्या, पंधरा मिनिटं पळवून थांबल्यावर नाडी मोजा, आणि त्याच जागी तासभर थांबून तो थंड झाल्यावर पुन्हा चालवून बघा. दुखणं दाबलेलं नसेल आणि घोडा दुसऱ्यांदाही मोकळा चालला, तर मग भावाचं बोलावं. घरी आणल्यावर पहिला आठवडा नुसती फिरती, आणि पुढं वर दिलेलं वेळापत्रक.